केंटकी १८९९: मतं मोजायची कोणी?

विल्यम टेलर, १,९३,७१४. विल्यम गोबेल, १,९१,३३१. फरक २,३८३ मतांचा.

७ नोव्हेंबर १८९९ रोजी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात गव्हर्नरपदासाठी मतदान झालं, त्याचे हे आकडे. ते सुरुवातीलाच मांडतो, कारण पुढच्या सहा-सात महिन्यांत त्यांचं काय झालं हाच या प्रकरणाचा गाभा आहे. एका मंडळाने ते जसेच्या तसे स्वीकारले. एका समितीने उलटवले. मधेच एका उमेदवाराला गोळी लागली. काही आठवडे राज्यात दोन गव्हर्नर होते, दोन ठिकाणी बसणारं विधिमंडळ होतं आणि एकमेकांसमोर उभ्या असलेल्या दोन सशस्त्र फौजा होत्या. शेवटी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यात आम्हाला पडता येत नाही. एवढ्या सगळ्या घडामोडीत, कोणाला किती वैध मतं पडली हे पुरावे समोर ठेवून, कोणाचीही बाजू न घेता कोणी तपासलं का, असं विचारलं तर उत्तर नकारार्थी येतं.

पदावर असताना खून झालेला अमेरिकेचा एकमेव राज्य-गव्हर्नर म्हणून गोबेलचं नाव घेतलं जातं. त्या गोळीचं गूढ लोकांना ओढून घेतं, ते साहजिक आहे. मला त्या आधीचा कायदा जास्त महत्त्वाचा वाटतो. गोळी ३० जानेवारी १९०० ला सुटली. ती सुटण्याची वेळ येईल अशी परिस्थिती १८९८ मध्येच तयार झाली होती, आणि ती तयार करणारा माणूस गोबेलच होता.

राज्य आणि त्याचं राजकारण

केंटकी हे यादवी युद्धात दोन्हीकडे माणसं गेलेलं सीमेवरचं राज्य. युद्धानंतर तीस वर्षं तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचीच सत्ता होती. १८९५ मध्ये विल्यम ब्रॅडली हा पहिला रिपब्लिकन गव्हर्नर निवडून आला आणि डेमोक्रॅट हादरले. पुढच्या वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार विल्यम मॅकिन्लीने केंटकी जिंकलं ते अवघ्या २८१ मतांनी. त्यातच सोन्याचं चलन की चांदीचं, या वादाने डेमोक्रॅटिक पक्ष उभा चिरला गेला होता. म्हणजे एरवी एकतर्फी असणारं राज्य आता शे-दोनशे मतांवर इकडून तिकडे होऊ शकत होतं. अशा राज्यात मोजणी कोणाच्या हातात आहे, याला एकदम किंमत येते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. केंटकीत १८९१ पर्यंत मतदान तोंडी होत असे. मतदार अधिकाऱ्यासमोर उभा राहून, सगळ्यांच्या देखत, उमेदवाराचं नाव उच्चारायचा. अमेरिकेत ही पद्धत सगळ्यात शेवटी सोडणारं राज्य हेच. गंमत म्हणजे छापील गुप्त मतपत्रिका देशात पहिल्यांदा वापरली गेली तीही याच राज्यातल्या लुईव्हिल शहरात, १८८८ मध्ये. तोंडी मतदानात एक सोय होती: मोजणीत लपवाछपवी करायला जागा कमी, कारण कोणी कोणाला मत दिलं हे गावाला ठाऊक. धाक मात्र भरपूर. गुप्त मतपत्रिकेने धाक कमी केला आणि मोजणाऱ्याचं महत्त्व वाढवलं. १८९९ मध्ये केंटकीला या नव्या पद्धतीची सवय होऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती.

गोबेल

विल्यम गोबेलचा जन्म १८५६ चा, पेनसिल्व्हेनियातला. आईवडील जर्मनीतून आलेले, घरात बोली जर्मन. यादवी युद्धानंतर कुटुंब ओहायो नदीकाठच्या कव्हिंग्टनला आलं, नदीपलीकडे सिनसिनाटी. गोबेल वकील झाला, माजी गव्हर्नर जॉन स्टीव्हनसन यांच्या हाताखाली तयार झाला आणि १८८७ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये निवडून गेला. अविवाहित, एकलकोंडा, चारचौघांत न मिसळणारा. दक्षिणेकडचा राजकारणी म्हटला की हात हातात घेऊन खुशाली विचारणारा, गोष्टी सांगणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. गोबेल तसा नव्हता. त्याने माणसं जोडली ती कामातून आणि हिशेबातून.

त्याचा मुख्य शत्रू होता लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वे, लोकांच्या तोंडी ‘एल अँड एन’. या कंपनीचं मालवाहतुकीवर प्रचंड वर्चस्व होतं, शेतकऱ्याचा तंबाखू आणि धान्य कोणत्या दराने बाजारात जाईल हे तिच्या हातात होतं, आणि विधिमंडळातही तिचं वजन होतं. कंपनीच्या दबावाखाली राज्याचा रेल्वे आयोगच मोडीत काढण्याचे प्रयत्न चालू होते, तेव्हा १८९०-९१ च्या घटना-परिषदेत गोबेलने तो आयोग थेट राज्यघटनेत घालून घेतला, म्हणजे साध्या बहुमताने तो रद्द होऊ नये. हे काम सोपं नव्हतं आणि सामान्य शेतकऱ्याच्या बाजूचं होतं, यात शंका घेण्याचं कारण नाही.

पण त्याच माणसाने ११ एप्रिल १८९५ रोजी कव्हिंग्टनमध्ये एका बँकेसमोर जॉन सँडफर्ड नावाच्या बँक-अधिकाऱ्याला गोळी घालून ठार केलं. दोघांचं राजकीय वैर जुनं होतं. गोबेलने एका वर्तमानपत्रात सँडफर्डबद्दल अतिशय घाणेरडा उल्लेख असलेला मजकूर दिला होता. तो तुम्ही लिहिला का, असं सँडफर्डने विचारलं. गोबेलने हो म्हटलं. दोघांची पिस्तुलं निघाली. सँडफर्डची गोळी गोबेलच्या कपड्यांतून गेली, गोबेलची सँडफर्डच्या डोक्यात. पहिली कोणी झाडली हे साक्षीदारांना सांगता आलं नाही. स्वसंरक्षण मानून गोबेल सुटला. तसं झालं नसतं तर त्याचं राजकारण तिथेच संपलं असतं, कारण केंटकीच्या घटनेनुसार पदाची शपथ घेताना ‘मी द्वंद्वयुद्ध केलेलं नाही’ असं सांगावं लागतं. आजही सांगावं लागतं.

या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. नुसता लोकांचा कैवारी किंवा नुसता गुंड असा त्याला रंगवला की १८९८ चा कायदा समजत नाही. लोकांचं भलं आपल्यालाच कळतं, आणि ते साधायचं तर सत्ता आपल्याच हातात हवी, असं मानणाऱ्या माणसाने तो कायदा केला.

कायदा

१८९८ पर्यंत केंटकीत निवडणुकीचं काम काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, पातळीवरचे निवडून आलेले अधिकारी पाहत. कुठे ते डेमोक्रॅट असत, कुठे रिपब्लिकन. गैरप्रकार दोन्हीकडून होत, पण ते विखुरलेले असत.

गोबेलच्या कायद्याने ही रचना उलटी केली. विधिमंडळाने तीन जणांचं राज्य निवडणूक मंडळ निवडायचं. त्या मंडळाने प्रत्येक काउंटीत आयुक्त नेमायचे. त्या आयुक्तांनी प्रत्येक मतदान केंद्रावरचे अधिकारी नेमायचे. निकाल परत त्याच शिडीने वर येणार आणि शेवटी राज्य मंडळ विजेता जाहीर करणार. विधिमंडळात बहुमत डेमोक्रॅटांचं, सिनेटची सूत्रं गोबेलकडे. मंडळावर पहिले तिघे नेमले गेले ते तिघेही डेमोक्रॅट. म्हणजे राज्याच्या टोकाच्या डोंगरी खेड्यात मतपेटीजवळ कोण बसणार, इथपासून राज्याची राजधानी फ्रँकफर्टला प्रमाणपत्र कोण देणार इथपर्यंत एकच दोरी, आणि तिचं टोक एका पक्षाच्या हातात.

ब्रॅडलीने नकाराधिकार वापरला. विधिमंडळाने तो डावलून कायदा मंजूर केला. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानेही कायदा घटनेला धरून आहे असा निर्वाळा दिला. लुईव्हिलच्या ‘कुरियर-जर्नल’चे संपादक हेन्री वॉटरसन हे डेमोक्रॅट असूनही सुरुवातीला या कायद्याच्या विरोधात होते. पक्षातल्या अनेकांना तो पचला नाही.

गोबेलच्या बाजूने एक म्हणणं होतं आणि ते पूर्ण खोटं नव्हतं. रिपब्लिकनांच्या ताब्यातल्या काउंट्यांमध्ये मतं चोरली जातात, रेल्वे कंपनी पैसा ओतते, म्हणून नियंत्रण एका ठिकाणी हवं, असं तो सांगे. आजार खरा होता. पण औषध असं की त्याने पंच नेमण्याचा अधिकारच एका खेळाडूच्या हातात दिला. पुढच्याच वर्षी तो खेळाडू मैदानात उतरला. मला या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक इथे दिसते. गोबेलने कायदा केला नसता, किंवा कायदा करून स्वतः उभा राहिला नसता, तर नोव्हेंबर १८९९ मधले तेच आकडे लोकांनी कुरकुर करत का होईना पचवले असते.

उमेदवारी आणि प्रचार

डेमोक्रॅटांचं अधिवेशन जून १८९९ मध्ये लुईव्हिलच्या म्युझिक हॉलमध्ये भरलं. उमेदवार तिघे: गोबेल, माजी काँग्रेस सदस्य विल्यम स्टोन आणि वॉट हार्डिन. हार्डिन हा रेल्वेच्या मर्जीतला मानला जाई. गोबेल आणि स्टोन यांनी आधी हातमिळवणी केली. स्टोनच्या म्हणण्यानुसार गोबेलने पुढे शब्द फिरवला. फेऱ्यामागून फेऱ्या झाल्या, आरडाओरड्यात नावं ऐकू येईनात, शेवटी गोबेलला उमेदवारी मिळाली. नाराज डेमोक्रॅटांनी वेगळी चूल मांडून माजी गव्हर्नर जॉन यंग ब्राउन यांना उभं केलं. रिपब्लिकनांनी राज्याचे महाधिवक्ता विल्यम टेलर यांना उभं केलं. पॉप्युलिस्ट पक्षाचाही एक उमेदवार होता.

गोबेलने प्रचारात रेल्वेलाच प्रतिस्पर्धी केलं. एल अँड एन ही लोकांची नोकर की मालक, हा त्याचा प्रश्न. १८९६ मध्ये डेमोक्रॅटांचा अध्यक्षपदाचा उमेदवार असलेला विल्यम जेनिंग्ज ब्रायन गोबेलसाठी राज्यभर फिरला. रेल्वेनेही हात आखडता घेतला नाही. तिचा पैसा आणि गाड्या गोबेलच्या विरोधकांना मिळाल्या.

मतदानाच्या दिवशी गव्हर्नर ब्रॅडलीने लुईव्हिलमध्ये राज्याची मिलिशिया, म्हणजे राज्याचं स्वतःचं नागरी सैन्य, उतरवली. शांतता राखायला, असं रिपब्लिकन म्हणाले. मतदारांना घाबरवायला, असं डेमोक्रॅट म्हणाले. नॉक्स आणि जॉन्सन या काउंट्यांतून तक्रार आली की मतपत्रिका इतक्या पातळ कागदाच्या आहेत की घडी घातल्यावरही आतली खूण दिसते. नेल्सन काउंटीत तर छपाईच्या चुकीने ‘डब्ल्यू. एस. टेलर’ ऐवजी ‘डब्ल्यू. पी. टेलर’ असं नाव मतपत्रिकेवर आलं. ती सुमारे बाराशे मतं बाद करा, अशी डेमोक्रॅटांची मागणी होती. मतदाराने ज्याला मत द्यायचं त्यालाच दिलं होतं, चूक छापणाऱ्याची. तरी मागणी झाली, कारण २,३८३ च्या फरकात बाराशेला केवढं मोल!

ब्राउनला १२,१४० मतं पडली. म्हणजे गोबेलने पक्षातले जे लोक दुखावले, त्यांतल्या पाचव्या हिश्श्याने त्याला मत दिलं असतं तरी तो सरळ जिंकला असता. ही गोष्ट नंतरच्या गदारोळात विसरली गेली.

मंडळाचा निकाल

आता प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात विलक्षण क्षण येतो. सगळी निकालपत्रकं गोबेलच्या कायद्याने नेमलेल्या, त्याच्याच पक्षाच्या तीन आयुक्तांसमोर आली: विल्यम प्रायर, डब्ल्यू. टी. एलिस आणि सी. बी. पॉयंट्झ. सगळं राज्य धरून चाललं होतं की हे तिघे पुरेशी मतं बाद करून गोबेलला विजयी करणार. फ्रँकफर्टमध्ये दोन्हीकडची माणसं कमरेला पिस्तुलं लावून जमली होती.

९ डिसेंबरला मंडळाने दोन विरुद्ध एक अशा मताने टेलरला विजयी घोषित केलं. प्रायर हे राज्याचे माजी सरन्यायाधीश. त्यांचं आणि एलिसचं म्हणणं सरळ होतं: आम्ही न्यायालय नाही. साक्षीदारांना शपथ देऊन पुरावा ऐकण्याचा अधिकार आम्हाला कायद्याने दिलेला नाही. खालून प्रमाणित होऊन आलेल्या आकड्यांची बेरीज करणं एवढंच आमचं काम. पॉयंट्झने विरोधी मत नोंदवलं.

दोन माणसांनी पक्षाच्या दडपणाला भीक न घालता कायद्याचा साधा अर्थ लावला. या प्रकरणात ज्यांच्याबद्दल मनात निखळ आदर वाटावा अशी माणसं फार थोडी आहेत; प्रायर आणि एलिस त्यांत येतात. पण त्यांच्या प्रामाणिकपणाचा परिणाम काय झाला? डेमोक्रॅटांना तो दगा वाटला. रिपब्लिकनांना तो तात्पुरता अपघात वाटला, कारण यंत्रणा अजून विरोधकांच्याच हातात होती. वर्षभर ‘हे मंडळ पक्षपाती आहे’ असं ऐकलेल्या लोकांना मंडळ निःपक्षपाती वागलं तरी विश्वास बसला नाही. १२ डिसेंबरला टेलरने शपथ घेतली, आणि त्या दिवशी वाद मिटला असं कोणालाही वाटलं नाही.

एक बारीक गोष्ट इथेच नोंदवायला हवी. मंडळाने ‘टेलरला जास्त वैध मतं पडली’ असं म्हटलंच नव्हतं. तपासण्याचा अधिकार आम्हाला नाही, एवढंच ते म्हणालं. तपासणीचं पहिलं दार इथे बंद झालं.

चिठ्ठ्या

जानेवारी १९०० मध्ये विधिमंडळ भरलं. गव्हर्नरपदाच्या निवडणुकीवरची हरकत केंटकीत विधिमंडळापुढे जाई. आपल्याकडे निवडणूक याचिका उच्च न्यायालयात जाते तसं तिथे नव्हतं. गोबेल आणि त्याच्या जोडीचा लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, पदाचा उमेदवार बेकहॅम यांनी हरकत दाखल केली. कारणं: लुईव्हिलमधली मिलिशिया, रेल्वेचा पैसा, पातळ मतपत्रिका.

हरकत ऐकणारी समिती अकरा जणांची. तीन सिनेटमधून, आठ कनिष्ठ सभागृहातून, आणि निवड चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठीचा हेतू चांगला होता: बहुमतवाल्या पक्षाने हवी ती माणसं भरू नयेत. सभागृहांतलं बलाबल पाहता अकरांत चार-पाच रिपब्लिकन यायला हवे होते. निघाला एक. उरलेले नऊ डेमोक्रॅट आणि एक पॉप्युलिस्ट.

चिठ्ठ्यांत लबाडी झाली हे न्यायालयात कधी सिद्ध झालं नाही. पण ते बघणाऱ्या रिपब्लिकनाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. निवडणुकीचा कायदा एका पक्षाने केलेला, मंडळ एका पक्षाचं, आणि आता दैवही त्याच पक्षाचं. त्याला आता समितीसमोर साक्षीपुरावे मांडण्यात काय अर्थ वाटणार?

२५ जानेवारीला पूर्व केंटकीच्या डोंगरांतून सुमारे हजारभर सशस्त्र माणसं रेल्वेने फ्रँकफर्टला उतरली. गाड्या एल अँड एनच्या. ही जमवाजमव करण्यात राज्य सचिव केलेब पॉवर्सचा पुढाकार होता. विधिमंडळाला ‘निवेदन’ द्यायला आलेली ही माणसं होती, असं सांगितलं गेलं. त्यांतली बरीचशी लगेच परतली, काही मागे राहिली.

गोळी

३० जानेवारीला सकाळी अकरानंतर गोबेल दोन सोबत्यांसह जुन्या कॅपिटॉलकडे, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीकडे, चालला होता. शेजारच्या कार्यकारी इमारतीच्या दिशेकडून लागोपाठ गोळ्या झाडल्या गेल्या. एक त्याच्या छातीत लागली. त्याला उचलून कॅपिटल हॉटेलात नेलं.

त्यानंतरच्या चोवीस तासांत टेलरने जे केलं त्याने त्याची बाजू कायमची लंगडी झाली. त्याने मिलिशिया बोलावली, बंडाळीची परिस्थिती जाहीर केली आणि विधिमंडळ तहकूब करून लंडन या गावी भरवण्याचा आदेश काढला. हे लंडन म्हणजे आग्नेय केंटकीतलं, रिपब्लिकनांचा बालेकिल्ला असलेलं छोटं गाव. रिपब्लिकन सदस्य तिकडे निघाले. डेमोक्रॅट सदस्य कॅपिटॉलवर गेले तर दारात शिपाई उभे. फिरता फिरता ते शेवटी हॉटेलात जमले. तिथे, एकही रिपब्लिकन हजर नसताना, समितीचा निष्कर्ष मंजूर झाला: पुरेशी मतं बाद ठरवून गोबेल विजयी.

३१ जानेवारीला सरन्यायाधीश हेझलरिग यांनी मृत्युशय्येवरच्या गोबेलला शपथ दिली. त्याने एका आदेशावर सही केली: मिलिशियाने घरी जावं, विधिमंडळाने फ्रँकफर्टला परतावं. टेलरच्या मिलिशियाने ऐकलं नाही. मग डेमोक्रॅटांनी आपली वेगळी मिलिशिया उभी केली. ३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी गोबेल वारला, वय ४४. लगेच बेकहॅमने शपथ घेतली. तो नुकताच तीस वर्षांचा झालेला. गव्हर्नर व्हायला घटनेने ठरवलेलं किमान वय तेवढंच.

आता एका छोट्या शहरात दोन गव्हर्नर, दोन फौजा. एक गोळी चुकून सुटली असती तरी रक्तपात झाला असता. टेलरने अध्यक्ष मॅकिन्लीकडे मदत मागितली. मॅकिन्ली त्याच्याच पक्षाचा, तरी त्याने केंद्राचं सैन्य पाठवलं नाही. दोन्ही पक्षांचे पुढारी लुईव्हिलला बसले आणि त्यांनी एक तोडगा काढला: टेलरने पद सोडावं, बदल्यात खुनाच्या प्रकरणात त्याच्यावर कारवाई होऊ नये, मिलिशिया मागे घ्यावी. टेलरने सही करायला नकार दिला. पण विधिमंडळाला फ्रँकफर्टला परतू दिलं आणि वाद न्यायालयात नेला. दोन्हीकडच्या शिपायांनी बोट घोड्यावरून काढलं, याचं श्रेय त्या आठवड्यातल्या अनेक अनाम माणसांना जातं.

न्यायालयं

न्यायालयापुढे टेलरचं म्हणणं असं: विधिमंडळाने पुरावा न पाहता, बंद खोलीत, पक्षाच्या जोरावर निकाल फिरवला, मतदारांनी दिलेलं पद माझ्याकडून काढून घेतलं. जेफरसन काउंटीच्या न्यायालयाने आणि ६ एप्रिल १९०० रोजी राज्याच्या कोर्ट ऑफ अपील्सने ते फेटाळलं. निवडणुकीच्या हरकतीवर निर्णय घेण्याचा अधिकार घटनेने विधिमंडळाला दिला आहे. विधिमंडळाच्या अधिकृत नोंदीत निर्णय आहे. त्या नोंदीच्या पलीकडे जाऊन तो कसा घेतला हे आम्ही पाहू शकत नाही.

हे दुसरं बंद दार. तिसरं २१ मे १९०० रोजी बंद झालं. ‘टेलर विरुद्ध बेकहॅम’ या खटल्यात सरन्यायाधीश मेलव्हिल फुलर यांनी लिहिलं की सार्वजनिक पद ही कोणाची मालमत्ता नाही, म्हणून ते गेलं तर, कायद्याची रीत न पाळता कोणाची मालमत्ता हिरावता येणार नाही असं राज्यांना बजावणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचं संरक्षण मिळत नाही. आणि राज्यात प्रजासत्ताक पद्धतीचं सरकार आहे की नाही हे पाहणं न्यायालयाचं काम नाही.

न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी विरोधी निकालपत्र लिहिलं. ते केंटकीचेच. १८७१ आणि १८७५ मध्ये ते स्वतः याच राज्याच्या गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन म्हणून उभे राहिले होते आणि हरले होते. मतदारांनी निवडलेल्या माणसाला पद बजावण्याचा हक्क हा त्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्याची रीत न पाळता तो हिरावता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या जुन्या पक्षामुळे कोणी त्यांच्या मताकडे संशयाने पाहील. मला त्यांचं म्हणणं पटतं, आणि बहुमताची अडचणही दिसते: प्रत्येक राज्यातली प्रत्येक मोजणी नऊ न्यायमूर्तींनी पुन्हा करायची का? केंटकीपुरतं बोलायचं, तर राज्याच्या पातळीवर पक्षाबाहेरचा एकही पंच शिल्लक नव्हता, म्हणून सगळा भार वॉशिंग्टनवर आला, आणि तो तिथल्यांना पेलणार नव्हता.

निकाल लागताच टेलर इंडियाना राज्यात, इंडियानापोलिसला निघून गेला. खुनाच्या कटात त्याचं नाव आलं होतं. इंडियानाच्या गव्हर्नरांनी त्याला केंटकीच्या ताब्यात दिलं नाही. १९२८ मध्ये तो तिथेच वारला.

खटले

खून कोणी केला हे आजही ठरलेलं नाही. सोळा जणांवर आरोप ठेवले गेले, पाचांवर खटले चालले, तिघे दोषी ठरले: पॉवर्स, कारकून हेन्री यूट्सी आणि क्ले काउंटीतल्या घराण्यांच्या वैरात माणूस मारून आलेला जेम्स हॉवर्ड. तपासासाठी आणि खटल्यांसाठी विधिमंडळाने एक लाख डॉलर मंजूर केले.

गोळी झाडली गेली तेव्हा पॉवर्स लुईव्हिलच्या गाडीत होता. तरी त्याच्यावर चार वेळा खटला चालला. तीनदा तो दोषी ठरला, तिसऱ्या वेळी फाशी. वरच्या न्यायालयाने दर वेळी निकाल रद्द केला, कारण ज्युरीत डेमोक्रॅटच भरलेले आणि न्यायाधीश उघड गोबेलच्या बाजूचा. चौथ्या वेळी ज्युरीचं एकमत झालं नाही. मोजणी जशी पक्षाच्या हातात होती, तसाच खटलाही. १९०८ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर विल्सनने पॉवर्स आणि हॉवर्ड यांना माफी दिली, पुढच्या वर्षी टेलरला. आठ वर्षं तुरुंगात काढलेला पॉवर्स १९१० मध्ये काँग्रेसवर निवडून गेला आणि १९१९ पर्यंत तिथे राहिला. यूट्सी १९१६ मध्ये पॅरोलवर सुटला.

कायद्याचं पुढे काय झालं

नोव्हेंबर १९०० मध्ये उरलेल्या मुदतीसाठी गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. ती पुन्हा जुन्याच रचनेखाली घ्यायला बेकहॅमलाही नको होतं. त्याने आधी विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं आणि गोबेलचा कायदा बदलून घेतला. निवडणूक यंत्रणेत दोन्ही पक्षांना जागा मिळाली. गोबेलच्या नावाने शपथा घेणाऱ्या पक्षाने, त्याच्या मृत्यूनंतर वर्ष उलटायच्या आत, त्याचाच कायदा मोडीत काढला. त्या निवडणुकीत बेकहॅम सुमारे ३,७०० मतांनी जिंकला. फरक १८९९ इतकाच निसटता. रिपब्लिकनांनी हार मानली आणि रस्त्यावर कोणी उतरलं नाही.

फ्रँकफर्टच्या जुन्या कॅपिटॉलसमोर आज गोबेलचा पुतळा आहे आणि तो कोसळला त्या जागी फरसबंदीत एक पाटी बसवलेली आहे. केंटकीच्या गव्हर्नरांच्या यादीत तेहतिसावं नाव विल्यम टेलर, डिसेंबर १८९९ ते जानेवारी १९००. चौतिसावं विल्यम गोबेल, ३१ जानेवारी ते ३ फेब्रुवारी. पस्तिसावं बेकहॅम. एकाच निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले दोघंही त्या यादीत विजेते म्हणून लागोपाठ उभे आहेत, आणि २,३८३ हा आकडा तपासून पाहणारं कोणी अजूनही आलेलं नाही.